नऊ प्रश्नांचं एक पान : हृदयरुग्णांच्या बाबतीत पीएचक्यू-९ कितपत कामाचं?

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या पेशंटच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, इको, स्टेंटचं स्टिकर, पथ्याचा कागद असं सगळं असतं. काही रुग्णालयांत त्यात आणखी एक पान घालतात. डावीकडे नऊ वाक्यं, उजवीकडे शून्य ते तीनचे चार रकाने, खाली बेरजेची जागा. हे पीएचक्यू-९, नैराश्य चाळून बघायची प्रश्नावली. पुष्कळदा ते पान कोरंच राहतं, नाहीतर मुलाच्या अक्षरात भरलेलं सापडतं. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला उपचार लागण्याइतकं नैराश्य येतं, आणि अशा माणसांची गोळ्या चुकवणं, चालणं सोडणं, पुन्हा सिगारेटकडे वळणं ही सगळी गाडी उताराला लागते. तेव्हा हे पान एखादी वस्तू विकत घेताना पारखतो तसं पारखून घेतलेलं बरं.

निकाल आधीच सांगून टाकतो. फुकट आहे, छोटं आहे, मराठीत मिळतं, आणि उपचार सुरू झाल्यावर मोजपट्टी म्हणून त्याला तोड नाही. मात्र हृदयरुग्णाच्या बाबतीत नुसती बेरीज वाचली तर ते दोन्ही बाजूंनी चकवतं. बेरीज किती झाली यापेक्षा ती कुठल्या ओळींतून आली ते बघायचं.

काय मिळतं

अमेरिकेतल्या रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी ही प्रश्नावली बनवली. तिच्या अचूकतेचा मुख्य अभ्यास २००१ साली आला. पैसे फायझर कंपनीचे. नैराश्यावरचं सर्ट्रलिन त्या काळात हीच कंपनी विकत होती, म्हणजे पेशंट सापडण्यात तिचा फायदा होता हे उघड आहे. त्यामुळे प्रश्न खोटे ठरत नाहीत, पण कागद कुणाच्या पैशांवर छापला गेला ते ठाऊक असावं. आज तो छापायला, वाटायला, झेरॉक्स काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

सगळे प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशातच मन न लागणं. उदास, हताश वाटणं. झोप न लागणं किंवा फार येणं. थकवा. भूक मंदावणं किंवा वारेमाप खाणं. आपण कुचकामी आहोत, घरच्यांना आपल्यापायी सोसावं लागतंय असं वाटणं. पेपर वाचताना, टीव्ही बघताना लक्ष न लागणं. हालचाल मंदावणं किंवा उलट सारखी चुळबूळ. आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. ‘अजिबात नाही’ला ०, ‘काही दिवस’ला १, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला २, ‘जवळजवळ रोज’ला ३. जास्तीत जास्त २७. त्यात ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० आणि पुढे तीव्र.

तळाला आणखी एक प्रश्न असतो, या त्रासामुळे काम, घर, माणसं सांभाळणं किती जड गेलं असा. तो बेरजेत धरत नाहीत म्हणून घाईच्या ओपीडीत सर्रास सोडून देतात. खरं तर ८ गुण आणि ‘फार जड गेलं’ असं उत्तर असलेला माणूस १२ गुण आणि ‘काही अडचण नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा आधी बघायला हवा.

भरताना

कागद पेशंटने स्वतः भरायचा. वाचता येत नसेल, चष्मा घरी राहिला असेल, तर नर्सने किंवा समुपदेशकाने वाचून दाखवायचा. नातेवाइकाच्या हातात पेन द्यायचं नाही. कारण सहावी ओळ. ‘माझ्यामुळे घरच्यांना सोसावं लागतंय’ हे वाक्य, प्लास्टीसाठी ज्या मुलाने कर्ज काढलं त्याच मुलाने वाचून दाखवलं, तर उत्तर शून्यच येणार. नवव्या ओळीचं तर बोलायलाच नको. बायको-मुलांना चहा प्यायला कँटीनमध्ये पाठवलं की काम भागतं.

स्वतः भरायला पाच मिनिटं पुरतात. वाचून दाखवायचं तर दहा-पंधरा धरा. छापील वाक्य आधी जसंच्या तसं वाचायचं आणि मग उलगडून सांगायचं. सुरुवातच आपल्या शब्दांत केली तर दोन वेळच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. ‘नैराश्य’ हा शब्द तोंडातूनच काढू नये. ‘निराश आहात का’ असं विचारलं की साठीतले काका ताठ होऊन ‘छे, आपल्याला कसलं टेन्शन’ म्हणतात. त्याच काकांना ‘भजनाला जायचात, हल्ली मन लागतं का तिथे?’ असं विचारलं की दोन मिनिटं कुणी बोलत नाही, आणि मग खरं उत्तर येतं.

‘दोन आठवडे’ ही मुदतही अनेकांना पोकळ वाटते. गावाकडच्या माणसाला ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हटलं की लगेच कळतं. दिवसांचा हिशेबही सोपा करून द्यावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस असेल तर १, चार-पाच दिवस असेल तर २, रोजचंच असेल तर ३.

बनावटीतला एक दोष इथेच दिसतो. झोप, भूक आणि हालचाल या तिन्ही ओळींत ‘किंवा’ आहे. ‘भूक लागत नाही किंवा फार खाल्लं जातं’ हे ऐकून माणूस दुसऱ्या अर्ध्यावर अडकतो, ‘नाही हो, फार कुठे खातो’ म्हणतो आणि शून्यावर खूण करतो, घरी ताटातली अर्धी भाकरी उरत असली तरी. वाचणाऱ्याने ‘किंवा’पाशी थांबून दोन्ही बाजू वेगळ्या विचाराव्यात आणि जी जास्त असेल तिची खूण करावी.

कधी भरायचं, यालाही महत्त्व आहे. आयसीयूतून बाहेर आल्याच्या दुसऱ्या दिवशी भरलेला कागद फारसा कामाचा नाही, कारण त्या दोन आठवड्यांत कुणीच नीट झोपलेलं-जेवलेलं नसतं. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर उताणं झोपावं लागतं, कूस बदलता येत नाही, अन्नाची चव गेलेली असते. डिस्चार्जच्या दिवशी पहिले दोनच प्रश्न विचारून ठेवावेत आणि पूर्ण कागद दोन ते चार आठवड्यांनी, पहिल्या फॉलोअपला भरावा. नववा प्रश्न मात्र डिस्चार्जलाही सोडू नये.

तंबाखू सुटली का, हेही कोपऱ्यात लिहून ठेवावं. अटॅकनंतर विडी, गुटखा, मिश्री एका दिवसात बंद होते आणि पहिले दोन-चार आठवडे झोपमोड, चुळबूळ, लक्ष न लागणं, जास्त भूक हे सगळं त्यापायीही होतं. मिश्रीबद्दल बायकांना कुणी विचारत नाही, म्हणून त्यांचा हा भाग हमखास राहून जातो.

कुठे फसतं

उदाहरणासाठी दोन कागद शेजारी ठेवू. दोघांची बेरीज ११.

पहिल्याचं हार्टचं पंपिंग ३० टक्के आहे. झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष १, हालचाल मंद २. मन लागतं का? ०. उदास? ०. कुचकामी वाटतं? ०. नातवाला शाळेत सोडायला जाता येत नाही याची खंत आहे, पण नातू आला की चेहरा फुलतो. दुसऱ्याला एक स्टेंट टाकलेला, पंपिंग ५५ टक्के, कार्डिऑलॉजिस्टच्या मते तब्येत झकास. मन न लागणं ३, उदास २, कुचकामी वाटणं ३, झोप १, थकवा १, लक्ष १.

बेरीज सारखी, पण पेशंट दोन वेगळ्या जातींचे. पहिल्याचा ११ हा बहुतांशी हृदयाचा आकडा असू शकतो. त्याला विचारायचं ते असं. रात्री दम लागून उठता का? उशा किती घेता? वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं का? लघवीची दुसरी गोळी किती वाजता घेता? ती संध्याकाळी सातला घेणारा माणूस रात्रीत चारदा उठणार आणि तिसऱ्या ओळीत ३ मांडणार. डॉक्टरांना विचारून तीच गोळी दुपारी तीन-चारला आणली तर काहींची ‘निद्रानाशा’ची तक्रार तिथेच मिटते. हिमोग्लोबिन, सोडियम, थायरॉइडही बघून घ्यावं. अमिओडॅरोन (ठोके नियमित ठेवणारी गोळी) चालू असेल तर थायरॉइड नक्कीच, कारण त्या गोळीने ते मंदावू शकतं आणि मंदावलेलं थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं.

दुसऱ्याचा ११ हा नैराश्याचा. त्याला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं जातं. या कागदाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच माणूस हेरण्यासाठी आहे.

याचा अर्थ शरीराच्या ओळी खोडून टाकायच्या असा नाही. नैराश्यातही झोप, भूक, ताकद जातेच. पहिल्याची हृदयाची बाजू सावरल्यावर महिन्याने पुन्हा कागद भरायचा. आकडा तसाच राहिला किंवा वरच्या दोन ओळींत १-२ दिसू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं.

दुसरी फसवणूक कमी लोकांना माहीत आहे. मूळ २००१ च्या अभ्यासात १० ही सीमा धरली तर नैराश्य असलेल्यांतले ८८ टक्के लोक सापडत होते. ते साध्या दवाखान्यांतले पेशंट. पुढे २००५ साली सॅन फ्रान्सिस्को भागातल्या १,०२४ हृदयरुग्णांवर हीच सीमा लावली तेव्हा सापडले फक्त ५४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मे ‘१०च्या खाली आहे, ठीक आहे’ म्हणून सुटले. त्याच अभ्यासात साधे दोन हो-नाही प्रश्न सरस ठरले. गेल्या महिन्यात सारखं उदास, हताश वाटत होतं का? कशात रस, आनंद वाटेनासा झाला होता का? एकालाही ‘हो’ आलं तर संशय धरायचा, या नियमाने ९० टक्के सापडले. बदल्यात नैराश्य नसलेलेही बरेच जाळ्यात आले, पण त्यांना गाळायलाच तर पूर्ण कागद आहे. तेव्हा क्रम असा ठेवायचा. आधी दोन प्रश्न हो-नाहीत. दोन्हींना ठाम ‘नाही’ आलं तर पुढच्या भेटीपर्यंत थांबा. एक ‘हो’ आलं तर नऊ ओळी. आणि दहाला भिंत समजू नका. सात-आठ गुण असतील पण ते पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या ओळीतून आले असतील, तर ते पुरेसे आहेत.

काही गोष्टी या कागदात नाहीतच. चिडचिड नाही, आणि आपल्याकडच्या पुरुषांचं नैराश्य रडण्याआधी ताटलीवर आणि रिमोटवर निघतं. धास्ती नाही. छातीत जरा कळ आली की पहाटे दोनला रिक्षा काढणाऱ्याला याच कुळातला सात प्रश्नांचा जीएडी-७ लागतो. शरीरसंबंधांची भीती नाही, दारू नाही, पैशाची चिंता नाही. हे तोंडी विचारावं लागतं.

नववी ओळ

‘आता देवाने उचललं तर बरं.’ आपल्याकडे सत्तरी ओलांडलेला निम्मा गाव हे वाक्य बोलतो. म्हणून वाचून दाखवणारा हसून शून्य मांडतो, नाहीतर घाबरून ३ मांडतो. दोन्ही चूक. कागदाच्या भाषेत ‘मेलेलं बरं’ हाही विचारच, म्हणून तो किती दिवस आला ते विचारून खूण करायची आणि मग कागद बाजूला ठेवून पुढचं विचारायचं. स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का? कसं, ते ठरवलंय का? घरात फवारणीचं औषध किंवा गोळ्यांचा साठा आहे का? असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. हृदयरुग्णाच्या घरात मेटोप्रोलॉल, डिगॉक्सिन, अम्लोडिपिन अशा जास्त घेतल्या तर जिवावर बेतणाऱ्या गोळ्या महिन्याच्या हिशेबाने पडलेल्या असतात. संशय असला तर त्या घरच्यांच्या ताब्यात द्यायच्या आणि आठवड्यापुरत्याच बाहेर काढायच्या. ठरवलेला बेत कानावर आला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि तोवर माणसाला एकटं सोडायचं नाही.

बेरीज ४ असो की २४, नवव्या ओळीत १ जरी असेल तरी हे सगळं करायचं. संगणकावर भरून घेणारी काही ठिकाणं फक्त बेरीज डॉक्टरांच्या स्क्रीनवर पाठवतात. ही सोय बेकार आहे.

बाजारातले इतर पर्याय

हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केलमध्ये, म्हणजे एचएडीएसमध्ये, १४ प्रश्न आहेत आणि झोप-भूक-थकवा मुद्दाम गाळलेत, धास्तीही मोजली जाते. हृदयरुग्णांसाठी बांधणी जास्त बरी, पण ती परवान्याची वस्तू आहे आणि आत्महत्येचा प्रश्न नाही. बेकची २१ प्रश्नांची यादीही विकतचीच, आणि ओपीडीच्या बाकावर लांब पडते. पंचाहत्तरीच्या पुढच्या पेशंटसाठी जेरिअ‍ॅट्रिक डिप्रेशन स्केलचे १५ हो-नाही प्रश्न मात्र खरंच सोयीचे आहेत, फुकटही. ज्याला चार रकान्यांचा गोंधळ होतो त्याला तेच द्यावं.

आकडा आल्यावर

कागद भरून फाइलमध्ये ठेवला तर काही होत नाही, हे आता प्रयोगानेच दाखवलंय. अमेरिकेत १,५०० हृदयरुग्णांवर झालेल्या कोडिअ‍ॅक्स चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. याच कुळातल्या आठ प्रश्नांच्या कागदाने चाळणी केली, तरी दीड वर्षानंतर चाळणी केलेल्यांचं जगणं न केलेल्यांपेक्षा बरं झालेलं दिसलं नाही, पुढे उपचार देऊ केलेल्या गटातही नाही. त्यामुळे सरसकट सगळ्यांना कागद वाटत सुटण्यापेक्षा, ज्यांच्याबद्दल घरच्यांना किंवा नर्सला खटकतंय त्यांच्याकडे आधी जावं हे आमचं मत.

औषधांबद्दल हृदयरुग्णाने एवढं तरी पाठ ठेवावं. सर्ट्रलिन अटॅकनंतरच्या रुग्णांत सुरक्षित असल्याचं २००२ च्या सॅडहार्ट चाचणीत दिसलं, म्हणून पहिली निवड बहुधा तीच. हार्ट फेल्युअरमध्ये मात्र सर्ट्रलिन किंवा एस्सिटॅलोप्रॅम, दोन्ही मोठ्या चाचण्यांत खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत. तिथे समुपदेशन आणि देखरेखीखालचा व्यायाम यांवर जास्त भर द्यावा लागतो. सिटॅलोप्रॅम साठीनंतर दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण ईसीजीतलं क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यामागे हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबतं. त्याच गटातल्या फ्लुऑक्सेटिन आणि पॅरोक्सेटिनमुळे मेटोप्रोलॉल रक्तात साचतं आणि नाडी मंदावते. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असताना या गटातली कुठलीही गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते, तेव्हा काळी शौच दिसली तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवावं. लघवीच्या गोळीवर असलेल्या वयस्कर माणसाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं दिसलं तर सोडियम तपासावं. ‘झोपेची’ म्हणून हाती पडणारी अमिट्रिप्टिलिन आणि आणखी एक औषध एकत्र असलेली गोळी हृदयाच्या विजेत ढवळाढवळ करते, अटॅकनंतर ती टाळतात. आधीपासून चालू असेल तर मात्र मनाने एकदम तोडायची नाही, डॉक्टरांना दाखवून कमी करायची.

आणि मेटोप्रोलॉलला दोष देऊन ते बंद करणारे फार भेटतात. त्याने थोडा थकवा येऊ शकतो, पण नैराश्य येतं हा समज मोठ्या पाहण्यांत टिकलेला नाही. अचानक सोडलं तर छातीत दुखणं उसळून येतं.

मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानसचा नंबर. ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत. फोन लावण्याआधी भरलेला कागद, चालू गोळ्यांची यादी आणि इकोतला पंपिंगचा आकडा समोर ठेवावा. समुपदेशकाला ओळींनुसार गुण सांगावेत, नुसती बेरीज नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी कुठल्या वारी असते तेही तिथेच विचारून घ्यावं.

मोजपट्टी म्हणून वापर इथून पुढे. उपचार सुरू झाल्यावर दर चार आठवड्यांनी, शक्यतो त्याच माणसाने, तीच वाक्यं वाचून. पाच गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल. बेरीज निम्म्यावर आली म्हणजे गोळी किंवा समुपदेशन लागू पडतंय, पाचच्या खाली टिकली म्हणजे नैराश्य ओसरलं. औषध दोन आठवड्यांत सोडणाऱ्यांना हा आकडा दाखवावा, कारण पहिल्यांदा झोप आणि भूक सुधारते, मन मागाहून. प्रत्येक कागदावर तारीख, कुणी वाचून दाखवला, आणि त्या दिवशीचं वजन एवढं लिहून ठेवलं की पुढच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या ओळीतली वाढ अंगात साठलेल्या पाण्यामुळे आहे की मनामुळे, हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं.